‘घरातल्या घरात’

‘वकीलसाहेब, व्यवहार काही बाहेर गेलेला नाही, घरातल्या घरातच झाला आहे.’

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कानी पडताच पुढील कथा न विचारता सांगू शकतो. घर सरकारी योजनेतले असते. ते एखाद्या विधवेच्या, वृद्धाच्या अथवा आजाऱ्याच्या नावे मिळालेले असते. घेणारा पुतण्या, भाचा, दीर किंवा जावई असतो. विक्रीस मनाई असलेली मुदत अद्याप संपलेली नसते. एक नोटरीचा शिक्का, एक कुलमुखत्यारपत्र, एक मृत्युपत्र आणि देवळातील चार वडीलधाऱ्यांची साक्ष एवढ्या भांडवलावर घर हात बदलते; आणि दोन-तीन वर्षांनी जिचे ते घर होते ती बाई कोणा वकिलाच्या ओट्यावर येऊन बसते. ‘घरातल्या घरात’ ह्या सोयीस्कर पांघरुणाखाली काय चालते ह्याचा आपण एकदा रोखठोक विचार करावा, म्हणून हा लेख. काहींस तो बोचेल. बोचावा अशीच माझी इच्छा आहे.

मुंबईहून सुरतेस जाताना सचिन स्थानक मागे पडले की भेस्तान येते आणि मग उधना. मुंबईच्या प्रवाशाच्या लेखी भेस्तान म्हणजे खिडकीतून मागे सरणारी एक पाटी. परंतु उधना, पांडेसरा, लिंबायत, दिंडोली, भेस्तान ह्या पट्ट्यात मराठी कानी पडत नाही असा रस्ता विरळा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ह्या गावांना उधन्याशी जोडणाऱ्या तापी खोऱ्याच्या रेल्वेने पिढ्यान्‌पिढ्या खानदेशची माणसे येथे आणून सोडली. मागावर, रंगाईच्या कारखान्यांत, कापडाच्या बाजारात त्यांनी अंग झिजवले. श्रावणात कानबाई बसवली, आषाढात दिंडी काढली, आणि पोट भरते आहे एवढी खात्री पटताच वर्गणी काढून देऊळ उभे केले. देवास घर मिळाले. भक्ताचे मात्र नदीकाठी, खाडीकाठी, रुळांकाठी झोपडेच राहिले.

ह्या झोपड्यांतील माणसांस पक्के घर द्यावे हा विचार 2005 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाने मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. 2006 च्या ऑगस्टात तापीच्या पुराने सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली घातला, तेव्हा काठावरील वस्ती किती असुरक्षित आहे हे निराळे सांगावे लागले नाही. सुरत महानगरपालिकेने कोसाड, भेस्तान अशा कडेच्या भागांत दुर्बल घटकांसाठी वसाहती बांधल्या. नियम असा होता की, सुरतेसारख्या शहरात खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकारने उचलावा आणि लाभार्थ्याने किमान 12 टक्के, अनुसूचित जाती-जमाती इत्यादींनी 10 टक्के भरावेत. पुढे 25 जून 2015 रोजी प्रधानमंत्री आवास योजना आली. तीत तीन लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबास 30 चौरस मीटरपर्यंतचे घर, भागीदारीत बांधलेल्या अशा घरामागे केंद्राचे दीड लाखांचे साहाय्य, आणि घर शक्यतो घरातील स्त्रीच्या अथवा पतिपत्नींच्या संयुक्त नावे, असे ठरले. भारतात कोठेही पक्के घर नसावे ही अट घातली. आणि ‘कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले अशी व्याख्या केली. वाचकांनी ही व्याख्या ध्यानात ठेवावी. ‘घरातल्या घरात’ म्हणणारा पुतण्या ह्या व्याख्येप्रमाणे त्या घरातलाच नव्हे.

आता एक उदाहरण देतो. बाईचे नाव-गाव सांगत नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळतो. खानदेशातून लग्न होऊन सुरतेस आलेली. नवरा मागावर कामाला, तो पूर्वीच वारलेला. खाडीकाठचे झोपडे हटविले गेले तेव्हा भेस्तानच्या वसाहतीत एक खोली व स्वयंपाकघर तिच्या नावे मिळाले. एकुलती मुलगी सासरी. पुढे बाईचे मोठे दुखणे निघाले, रुग्णालयाचा खर्च उभा राहिला. दिराचा मुलगा धावून आला. त्याने दोन लाख रुपये तीन हप्त्यांत दिले. देवळाच्या सभामंडपात एकादशीच्या दिवशी चार जाणती माणसे बसली, आणि ठरले की काकूने घर पुतण्याच्या नावे ‘लिहून द्यावे’, पुतण्याने काकूस मरेपर्यंत त्याच घरात सांभाळावे. लिहून दिले ते एवढेच की पैसे पोचले व ताबा दिला. सांभाळण्याची गोष्ट कागदावर आली नाही, कारण ‘घरच्या माणसाकडून असले लिहून घेणे शोभत नाही’ असे एक वडीलधारे म्हणाले.

पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी पुतण्याच्या बायकोचे व काकूचे पटेनासे झाले. तिसऱ्या वर्षी पुतण्या आपल्या स्वतःच्या, उधन्याच्या घरी परत गेला आणि भेस्तानची खोली त्याने भाड्याने दिली. काकू ज्या देवळात व्यवहार झाला त्याच देवळाच्या ओसरीवर दुपार काढू लागली आणि रात्री कोणाच्या तरी दारी पथारी टाकू लागली. माझ्याकडे आली तेव्हा तिने घर परत मागितले नाही. ती एवढेच म्हणाली, ‘भाऊ, त्या खोलीत मला निजू देतील का, एवढं कागदात बसतं का बघा.’

कागदात ते बसत नव्हते. आणि कज्जा करावा तर पहिलाच प्रश्न असा की, मनाई असलेल्या मुदतीत घर दिलेस कसे? वाटपाची अट तिनेच मोडलेली. पालिकेकडे तक्रार गेली की चौकशी दोघांची होणार, पण रद्द व्हायचे ते तिच्या नावचे वाटप. तक्रार करावी तरी घर जाते, न करावी तरी घर जाते. असल्या व्यवहाराची खरी किल्ली हीच आहे. दोघेही नियम मोडतात, पण मोडल्याचे भय मात्र एकट्या दुबळ्याच्या मानगुटीस बसते. आणि बलवान त्या भयाच्या भिंतीआड निर्धास्त राहतो.

पुतण्याचीही बाजू मी ऐकली, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणा होईल. तो म्हणाला, ‘काकूच्या ऑपरेशनला पैसे कोणी दिले? तिच्या मुलीने दिले नाहीत, पालिकेने दिले नाहीत, देवळाने दिले नाहीत. मी दिले. माझ्याही लेकरांच्या तोंडचे दिले. घर काही मी फुकट घेतले नाही.’ हे खोटे नाही. त्याने पैसे दिले नसते तर बाई आज माझ्यासमोर बसलीही नसती. परंतु संकटात दिलेले पैसे म्हणजे मदत की किंमत, हे तेव्हाच ठरवावयास हवे होते. मदत असेल तर तिची परतफेड घराने मागावयाची नाही. किंमत असेल तर ती पुरी द्यावयाची आणि कायद्याने द्यावयाची. आपल्याकडे देताना ती मदत असते आणि घेताना ती किंमत होते. आभार मदतीचे घ्यावयाचे आणि ताबा किमतीचा घ्यावयाचा, हा दुहेरी हिशोब परक्या सावकारास साधत नाही. तो नातलगासच साधतो.

आता त्या कागदांकडे वळू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 सालचा आहे. त्याच्या 54 व्या कलमाप्रमाणे शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताखेरीज होत नाही. आणि साठेखताने, ज्यास गुजरातीत बानाखत म्हणतात, मिळकतीत कोणताही हितसंबंध आपोआप निर्माण होत नाही. 11 ऑक्टोबर 2011 रोजी सूरज लँप प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र ह्या त्रिकुटाने मालकी जात नाही. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटले की पत्नी, मुलगा, भाऊ, बहीण अशा नातलगास आपला कारभार पाहण्यासाठी दिलेले खरेखुरे मुखत्यारपत्र निराळे. त्यास बाध नाही. म्हणजे नात्यातील विश्वास कायद्यास मान्य आहे. त्या विश्वासाच्या वेषात वावरणारी विक्री मान्य नाही.

मुखत्यारपत्र हे देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर साधारणतः संपते. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते, आणि तोवर ते केव्हाही फिरविता येते. करार अधिनियम 1872 चे 23 वे कलम सांगते की ज्या कराराचा हेतू कायद्याच्या तरतुदीस सुरुंग लावण्याचा आहे तो करार निरर्थक. तेव्हा पुतण्याच्या हाती नेमके काय आहे? काकू जिवंत असेतो तिच्या भीतीवर उभा असलेला ताबा, आणि ती गेल्यावर तिच्या मुलीशी कज्जा. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 प्रमाणे हिंदू स्त्रीच्या मिळकतीचे पहिले वारस तिची मुले-मुली आणि पती. ती मुलगी सासरी गेली म्हणून वारसातून गेली नाही. दोन लाख देऊन पुतण्याने घर घेतले असे तो समजतो. वस्तुतः त्याने एक दावा विकत घेतला आहे, आणि तो बहुधा त्याची मुले लढतील.

कोणी म्हणेल, ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे ना? आहे. त्याच्या 23 व्या कलमाप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळण्याचे नाकारले, तर ते हस्तांतरण रद्द करवून घेता येते. परंतु ती अट होती हे दिसावे लागते. 2022 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ह्यावर बोट ठेवले. 2025 च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा म्हणून उदारपणे वाचावा असेही सांगितले, ही आनंदाची गोष्ट. तरीही आमच्या काकूची अडचण सुटत नाही. अट कागदावर नाही. आणि जेथे कायद्याने हस्तांतरणच झालेले नाही तेथे रद्द काय करावयाचे, असा प्रश्न समोरचा वकील हसत विचारणार. ‘असले लिहून घेणे शोभत नाही’ ह्या एका वाक्याची किंमत ही अशी.

परक्यापेक्षा घरच्याला घर गेले तर निदान बरे, असे पुष्कळांस मनापासून वाटते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. मुदतीच्या आत, चोरून, गरीब नातलगाचे घर घेणारा आप्त हा परक्यापेक्षा अधिक दोषी आहे. परका आला की माणूस सावध होतो. भाव विचारतो, कागद वाचून घेतो, चार ठिकाणी चौकशी करतो. आप्तापुढे भाव विचारणे म्हणजे अपमान, कागद मागणे म्हणजे अविश्वास, आणि चौकशी करणे म्हणजे घरची अब्रू वेशीवर टांगणे. म्हणजे दुबळ्याच्या रक्षणाची जी जी साधने परक्याच्या व्यवहारात शिल्लक असतात ती सारी नाते एका हाताने काढून घेते. शिवाय परक्याने फसविले तर माणूस भावाकडे, पुतण्याकडे धाव घेतो. पुतण्यानेच घर घेतले तर कोणाकडे जावे? कुंपणानेच शेत खाल्ले तर राखणदार कोण?

हे काही माझेच तत्त्वज्ञान नव्हे. आमच्या गोमंतकीय वाचकांस 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता अपरिचित नाही. तिच्या 1565 व्या कलमात असा दंडक होता की, इतर मुलांची व नातवंडांची संमती असल्यावाचून आईबापांनी वा आजाआजींनी आपल्या मुलास अथवा नातवास मिळकत विकू नये. परक्यास विकताना अशी संमती नको; पोटच्या मुलास विकताना मात्र हवी! पहिल्याने ऐकणाऱ्यास हे उफराटे वाटते. परंतु ज्यांनी हे कलम लिहिले त्यांस मनुष्यस्वभाव ठाऊक होता. जवळचा माणूस घेतो तेव्हा खरेदी आणि दान, किंमत आणि दडपण, ह्यांतील रेषा पुसट होते. म्हणून बाकीच्या जवळच्यांचे डोळे त्या व्यवहारावर असावेत. आपल्या करार अधिनियमाच्या 16 व्या कलमातील ‘अनुचित प्रभावा’ची कल्पना तरी ह्याहून निराळे काय सांगते? जो दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालवू शकतो त्याच्या व्यवहाराकडे कायदा अधिक संशयाने पाहतो.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो देवळाशी संबंध असलेल्या आम्हां सर्वांस अधिक चटकन समजावा. हे घर आहे कोणाचे? आपल्या धर्मशास्त्राने व न्यायालयांनी मान्य केले आहे की देवस्थानची मिळकत देवाची. पुजारी, गुरव, विश्वस्त हे तिचे सांभाळणारे. सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका प्रकरणात पुन्हा सांगितले की पुजारी हा जमिनीचा मालक नव्हे. मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव हवे. मुंबई राज्यात 1950 साली झालेल्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या 36 व्या कलमाने धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास बंदी घातली. उद्या एखाद्या पुजाऱ्याने देवाची माडाची बाग आपल्या भाच्यास ‘घरातल्या घरात’ लिहून दिली, तर आपण सारे महाजन कोर्टाची पायरी चढू. तेथे ‘भाचा म्हणजे घरचाच’ हा बचाव आपण क्षणभर ऐकून घेणार नाही.

मग भेस्तानच्या खोलीबाबत आपली न्यायबुद्धी निजते का? त्या खोलीतही सार्वजनिक पैसा आहे. निम्मा भार देशाने उचलला. त्यात कर भरणाऱ्या प्रत्येकाचा दाणा आहे. तो दिला कशासाठी? बेघरास घर मिळावे म्हणून. ज्याचे उधन्यास घर आहे त्यास भाड्याचे उत्पन्न मिळावे म्हणून नव्हे. मुदत संपेपर्यंत त्या घरावर लाभार्थ्याचा हक्क राहण्याचा आहे. तो राहण्यासाठीच दिलेला आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या झोपडपट्टी कायद्यातील कलम ‘3 इ’ पाहावे. पुनर्वसनातील सदनिका मुळात दहा वर्षे विकावयाची नाही, असे त्याने म्हटले. परंतु वारसास जाण्याची वाट उघडी ठेवली. कायद्यास कुटुंब नको आहे असे नव्हे. आईमागे मुलगी राहावी हे त्यास मान्य आहे. आईच्या हयातीत पुतण्याने ते घर गिळावे हे मान्य नाही. वारसा आणि खरेदी ह्यांतील हा भेद ‘घरातल्या घरात’ म्हणणारे मुद्दाम पुसून टाकतात.

इंग्लंडने तर ही वाट कायद्यानेच उघडून पाहिली. 1980 च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकेच्या घरांतील भाडेकरूंस ती घरे सवलतीने विकत घेण्याचा हक्क दिला, आणि भाडेकरूबरोबर बारा महिने त्या घरात राहिलेल्या तिघांपर्यंत कुटुंबीयांस संयुक्त खरेदीदार होण्याची मुभा ठेवली. तेथे व्यवहार उघड होता, नोंदणी होती, पाच वर्षांच्या आत विकल्यास सवलत परत करण्याची अट होती. एवढी शिस्त असूनही परिणाम काय झाला? एकट्या इंग्लंडात सुमारे वीस लाख घरे सार्वजनिक साठ्यातून गेली, आणि गरिबाच्या पुढच्या पिढीस उंबरा सापडेना. स्कॉटलंडने 2016 साली आणि वेल्सने 2019 च्या जानेवारीत हा हक्क बंद केला. जेथे दार कायद्याने उघडले तेथे ही गत; मग जेथे खिडकीतून चोरून नेणे चालू आहे तेथील गत काय सांगावी?

आता देवळाच्या सभामंडपाविषयी बोलतो, कारण ह्या पापात आपला वाटा तेथे आहे. व्यवहार देवासमोर झाला, बेलभंडारा उचलला, प्रसाद वाटला, म्हणजे तो पक्का झाला असे अजाण माणसास वाटते आणि जाणती माणसे ते वाटू देतात. देव साक्षी असतो हे खरे; परंतु तो साक्ष देण्यास कोर्टात येत नाही, आणि सभामंडपात जे चौघे बसले होते तेही येत नाहीत. वकिलाने बोलावताच एकास सांधे धरतात, दुसरा गावी जातो, तिसऱ्यास नीट आठवत नाही. काकूच्या वेळी हेच झाले. जे कायद्यापासून लपवावयाचे आहे त्यास देवाची साक्ष काढणे ही भक्ती नव्हे. ते देवास आपल्या लबाडीत जामीन ठेवणे आहे. देवळाच्या समित्यांनी साधा ठराव करावा की, मनाईच्या मुदतीतील सरकारी घराची बोलणी आमच्या आवारात होणार नाहीत. एवढ्या एका ठरावाने अशा व्यवहारांची अर्धी प्रतिष्ठा संपेल.

‘मग गरिबाने आजारपणात करावे काय?’ हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळणारा उपदेशक ढोंगी. येथे शासनाचा व पालिकेचाही दोष मी पदरात घालतो. विकू नको एवढे सांगून ते मोकळे होतात; अडल्या माणसाने जावे कोठे हे सांगत नाहीत. खरोखर अडचणीत आलेल्या लाभार्थ्याचे घर पालिकेनेच ठरलेल्या दराने परत घ्यावे आणि यादीतील पुढच्या बेघरास द्यावे, असे खुले द्वार हवे. लाभार्थी वारल्यास वारसाची नोंद महिनोन्‌महिने खेटे न घालता व्हावी. वृद्धाचा सांभाळ करणारा जो नातलग स्वतः बेघर असून खरोखर त्या घरात राहतो, त्याचे नाव उघडपणे नोंदवून घेण्याची सोय असावी. जेथे सरळ रस्ताच ठेवलेला नाही तेथे लोक कुंपण ओलांडणार, हे प्रशासनाने ओळखावे.

परंतु सरकारवर सर्व भार टाकून समाजाने हात झटकणेही बरोबर नाही. पुतण्याचे ते वाक्य मला अजून बोचते, ‘देवळाने दिले नाहीत.’ आपल्याच पूर्वजांचा इतिहास आठवा. श्रीपाद सुब्राव तल्मकी ह्यांनी 1906 साली मुंबईत शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था स्थापिली, ती समाजातील अडल्यानडल्यास परवडणाऱ्या दराने कर्ज मिळावे म्हणून. 1915 साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिच्यामागील तत्त्व असे की, घर संस्थेचे आणि राहण्याचा हक्क सभासदाचा. सभासदाने ते नफ्यासाठी बाजारात फिरवावयाचे नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्या लोकांस पतपेढी आणि गृहसंस्था ह्या दोन्ही गोष्टी एकाच दशकात सुचल्या, त्यांच्या वंशजांस आज कळसाला सोन्याचा मुलामा सुचतो आणि आजारी विधवेस दोन लाखांचे कर्ज सुचत नाही, ही कसली प्रगती? भेस्तानच्या देवळाने उत्सवाच्या वर्गणीतील दहावा भाग जरी आपत्काळाच्या निधीस बाजूस काढला असता, तरी काकूचे घर काकूकडे आणि पुतण्याचे मन पुतण्याकडे शाबूत राहिले असते.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. वकिलाच्या लेखात त्या नसाव्यात हे बरे नव्हे. मनाईची मुदत संपेपर्यंत नातलगाचे सरकारी घर घेऊ नका. नोटरीच्या शिक्क्याने मुदत संपत नाही. पैसे द्यावयाचे असतील तर कर्ज म्हणून द्या, कर्ज म्हणूनच लिहा, आणि बँकेतून द्या. मुदत संपल्यावर घेणेच असेल तर बाजारभावाची चौकशी करून, पालिकेची बाकी फेडून, नोंदणीकृत खरेदीखताने घ्या. आणि विकणाराची मुले, विशेषतः सासरी गेलेल्या मुली, बोलावून त्यांच्या डोळ्यांदेखत घ्या. घर देणारा वृद्ध त्याच घरात राहणार असेल तर त्याचा तहहयात राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहा. ज्यास हे लिहून देण्याची लाज वाटते त्याच्या मनात काय आहे ते समजून घ्या. प्रामाणिक माणसास दिलेला शब्द कागदावर उतरविताना कमीपणा वाटत नाही.

काकूच्या प्रकरणी मी काय केले, असे वाचक विचारतील. दावा केला नाही. पुतण्यास बोलाविले, त्याच्या हाती असलेल्या कागदांची किंमत त्यास समजावून सांगितली, आणि सासरच्या मुलीसही बोलाविले. पुष्कळ वादानंतर ठरले की भाडेकरू जाईल, काकू आपल्या खोलीत परत येईल, आणि मुलगी व पुतण्या मिळून रुग्णालयाच्या पैशांचा हिशोब कर्ज म्हणून मिटवतील. हे बोलणे मी सभामंडपात होऊ दिले नाही. काकूच्याच खोलीत, तिच्याच चुलीपुढे करविले, आणि ठरले ते सर्व लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घेतल्या. भाडेकरू जाण्यास अवधी लागला. ज्या दिवशी काकूने दाराचे कुलूप उघडले त्या दिवशी पुतण्या आला नव्हता. नाते पूर्ववत झाले असे मी म्हणणार नाही. ते कागदावर आणता येत नाही. पण ती बाई आता स्वतःच्या छपराखाली निजते.

‘घरातल्या घरात’ ह्या शब्दाचा आपल्या भाषेत एक जुना, चांगला अर्थ आहे. घरातले भांडण घरातच मिटावे, घरातली लाज घरातच झाकली जावी, हा तो अर्थ. दुबळ्याचे घर बळकावून ते झाकण्यासाठी हा शब्द वापरणाऱ्यांनी त्याचाही ताबा बेकायदा घेतला आहे. तो आपण परत घ्यावा. घर घरातच राहावे असे ज्यास खरोखर वाटते त्याने आधी त्या घरातली म्हातारी घरात राहील असे पाहावे.